एका वाक्याला पन्नास सेकंद

नाशिकच्या दिघे कुटुंबाचा गृहसंगणक दिवसातून वीस-पंचवीस वेळा मरायचा आणि पुन्हा जिवंत व्हायचा. मरायचा म्हणजे बाहेरचं दार अर्धवट उघडून थांबायचं, धुलाईयंत्र साबणाच्या पाण्यात कपडे घेऊन मुकाट बसायचं आणि शिरीष दिघेच्या पडद्यावरचं धरण जागच्या जागी गोठायचं. शिरीष धरणांतल्या गाळाचे अंदाज करायचा. पुढच्या तीस वर्षांत कुठे किती गाळ साठेल हे सांगणाऱ्या या माणसाला पन्नास सेकंद थांबवत नसे. आणि हे पन्नास सेकंद कधी यायचे, तर त्याची आई बोलायला लागली की.

हेमलताबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, लिहिणंही गेलं. ‘हो’ म्हणायचं असलं तरी मान नकाराची हलायची. विचार मात्र शाबूत होते. म्हणून त्यांच्या गळ्याला कंठपट्टी बांधली होती. ती गळ्याच्या नसांमधले क्षीण संदेश टिपायची, गृहसंगणक त्यांची वाक्यं लावायचा आणि भिंतीवरचा ध्वनिक्षेपक त्यांच्याच जुन्या आवाजात ती बोलून दाखवायचा.

एका रविवारी सकाळी अन्वर तांबोळी आला. तो शिरीषचा कॉलेजातला मित्र आणि वाचायंत्रणांमधला जाणकार. त्याने संगणकाचं कामकाज पडद्यावर उघडलं आणि तो हसला.

“शिऱ्या, तुझा संगणक मंद नाहीये. तो काकूंचं ऐकतोय.”

“म्हणजे?”

“नसांमधला संदेश फार अस्पष्ट असतो. एका वाक्यासाठी लाखो शक्यता तपासाव्या लागतात. ऐंशी टक्के ताकद त्यातच जाते.”

“मग ऐकणं कमी कर,” शिरीष म्हणाला. हेमलताबाई समोरच्या चाकाच्या खुर्चीतच होत्या. पण त्यांच्याकडे बघून बोलायची सवय घरात आता कोणाला राहिली नव्हती.

“करता येईल. यात अनुमानक बसवतो. काकूंच्या घरातल्या बोलण्याचं पस्तीस वर्षांचं ध्वनिमुद्रण तुमच्याकडे आहे. संदेशाचा पहिला तुकडा आला, की अशा वेळी त्या बहुधा काय म्हणायच्या ते अनुमानक उचलेल आणि बोलून टाकेल. अर्धा सेकंद. फक्त दर दहा वाक्यांमागे एकाची पडताळणी ठेवू.”

“म्हणजे तेव्हा पुन्हा पन्नास सेकंद?”

“हो.”

“मग पडताळणी नको. आईचं बोलणं ठरलेलं असतं रे. ती नवीन काय बोलणार आहे?”

तांबोळी घुटमळला. “अनुमानकाचं प्रत्येक वाक्य परत साठ्यात जातं. म्हणजे आपलीच अटकळ तो पुढच्या वेळी पुरावा म्हणून धरणार. तुझ्या कामात चालतं का असं?”

शिरीषच्या कामात असं अजिबात चालत नसे. आपलाच अंदाज मोजमाप म्हणून वापरला, म्हणून त्याने गेल्याच वर्षी एका मुलीला नोकरीवरून काढलं होतं. “हे धरण नाही, आई आहे,” तो म्हणाला. तांबोळीने पडताळणी बंद केली.

घर पळायला लागलं. दार झटकन उघडू लागलं, धरणं भरू लागली. आणि हेमलताबाई! पहिल्याच संध्याकाळी त्या घडाघडा बोलल्या. “आलास का रे? चहा घेतलास का?” शिरीषची बायको मृणाल हिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांनी घरात पूर्वीच्या सासूबाई बोलत होत्या.

घोळ झाला तो ताटावर. हेमलताबाई ज्या पिढीत वाढल्या, त्या पिढीतली बाई वाढायला आलं की आधी ‘नको’ म्हणते. वाढणाऱ्याने आग्रह करायचा, तिने पुन्हा ‘नको’ म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा तिच्या पानात पोळी पडायची. अशी हजारो ‘नको’ ध्वनिमुद्रणात होती. पडलेल्या पोळीचा मात्र काही आवाज होत नाही.

“आई, अजून एक पोळी?” मृणाल विचारायची.

“नको गं, पोट भरलं. तुम्ही घ्या.”

पूर्वी पन्नास सेकंद थांबून जे उत्तर यायचं, त्यावर मृणाल विश्वास ठेवायची. हे तर खणखणीत उत्तर होतं, ध्वनिक्षेपकाखालच्या पडद्यावर ‘खात्री ९८ टक्के’ लिहिलेलं. माणसाचं ‘नको’ मोडता येतं, ९८ टक्के कसे मोडणार? तिने आग्रह करणं सोडलं. पुढे पुढे तर पहिल्या पोळीलाच ‘नको’ येऊ लागलं.

एकदा हेमलताबाईंनी डाव्या हाताने ताट घट्ट धरून ठेवलं. “राहू दे, मी विसळते. तू दमली असशील,” आवाज म्हणाला. मृणालने मायेने त्यांची बोटं सोडवली आणि ताट उचललं.

त्या रडल्या, तर आवाज म्हणाला, “काही नाही गं, डोळ्यात कचरा गेला.” आयुष्यभर त्या रडताना हेच म्हणत आल्या होत्या. मृणालने डोळ्यांत थेंब घातले.

अकरा आठवड्यांत त्यांचं वजन नऊ किलोंनी उतरलं. डॉक्टरीणबाई घरी आल्या. “आजी, भूक लागते का?”

“लागते की. पण या वयात किती खाणार!”

“काही त्रास?”

“छे हो, माझं काय! तुम्ही सरबत घ्या.”

डॉक्टरीणबाईंनी शक्तीचं औषध लिहून दिलं आणि जाताना शिरीषला म्हणाल्या, “इतकी समाधानी पेशंट मी पाहिली नाही.”

तांबोळी यंत्रणेच्या तपासणीला आला आणि दारातच थबकला. “काकूंना काय झालंय?” कंठपट्टीच्या मूळ नोंदी तीन महिने साठ्यात राहतात. त्यातली एक, त्याच सकाळची, त्याने जुन्या संथ पद्धतीने लावायला घेतली. घर थांबलं. शिरीष आणि मृणाल पडद्यासमोर उभे राहिले. पन्नास सेकंदांनी दोन शब्द उमटले.

भूक लागली.

तांबोळीने आणखी एक लावली. भूक लागली. मग आणखी एक. ती सहा आठवड्यांपूर्वीची होती. त्यात होतं, हा आवाज माझा नाही.

मृणाल तोंडात पदर धरून स्वयंपाकघरात पळाली आणि मऊ वरणभात घेऊन आली. काही न विचारता तिने सासूबाईंना भरवायला सुरुवात केली. त्या अधाशासारख्या खात होत्या, हनुवटीवरून वरण ओघळत होतं. भिंत म्हणत होती, “बास गं, किती वाढतेस!”

शिरीष आईसमोर गुडघ्यांवर बसला. त्याला हुंदका आवरेना. “आई, मी तुझे हाल केले. चुकलो मी. माफ करशील?”

“अरे वेड्या, आईची कधी माफी मागतात का? तू माझा गुणाचा मुलगा.”

शिरीषने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. छातीवरचा दगड उतरला त्याच्या. कितीतरी वेळ तो तसाच रडत राहिला.

“शिरीष,” तांबोळी हळू आवाजात म्हणाला, “अनुमानक अजून चालूच आहे. मी तो बंद केलेला नाही.”

शिरीषने मान वर केली. आईचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते, गळ्यावरची पट्टी अजून थरथरत होती. आतून काहीतरी येत होतं, आणि ते भिंतीवरच्या शब्दांपेक्षा बरंच लांब होतं.

“आता बंद करतो. त्या खरंच काय म्हणाल्या ते लावू. पन्नास सेकंदांचं काम आहे.”

शिरीष उठला. त्याने डोळे पुसले. “नको. असू दे.”

“अरे, पण...”

“जेवणाचं आम्ही बघू. पोटभर घालू तिला, विचारणारही नाही. पण आवाज हाच राहू दे.” मग तो म्हणाला, “आणि त्या मूळ नोंदी किती जागा अडवतात?”

“बरीच.”

“पुसून टाक. संगणक आणखी हलका होईल.”

“मला तसं करता येत नाही. त्या काकूंच्या आहेत. त्यांची तोंडी संमती लागते.”

“मग विचार ना,” शिरीष म्हणाला आणि आपल्या पडद्याकडे वळला.

तांबोळीने घसा साफ केला. खुर्चीकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून त्याने नियमाप्रमाणे विचारलं, “काकू, तुमच्या नोंदी पुसायच्या का?”

उत्तर यायला अर्धा सेकंदही लागला नाही.

“पुसा की. माझी कसली अडगळ ठेवता!”