महिन्याभराची चांदी

धाकट्या भावाच्या खालच्या डाव्या दाढेत मी चांदी भरली, तेव्हा तो खुर्चीत पाय हलवत बसला होता. तो छापखान्यात काम करायचा; मी दातांची डॉक्टर असल्यामुळे त्याच्या तोंडात दुसऱ्या कोणाचा हात कधी गेला नव्हता. चांदी मऊ असताना मधोमध एक खाच कोरून तिला बारीक फाटा द्यायचा, ही माझी जुनी खोड.

"किती वर्षं टिकेल, ताई?"

"तू म्हातारा होशील तोवर."

"मग फुकट गेली. मी म्हातारा व्हायचाच नाहीये."

त्यानंतर दोन आठवड्यांनी तो कामावरून घरी आला नाही. नऊ दिवस भावजय आणि मी हॉस्पिटलं, पोलीस चौक्या, शेवटी शवागारसुद्धा पालथं घातलं. तिथे दर वेळी चादर उचलली की ती माझा दंड घट्ट धरायची. दहाव्या दिवशी सकाळी तो माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसलेला दिसला. अंगात तोच शर्ट, दाढी एका दिवसाची. कुठे होतास विचारलं, तर म्हणाला, "कामावरून येतोय."

चार दिवसांनी भावजय त्याला घेऊन आली. तो डाव्या बाजूने चावत नव्हता. त्याला खुर्चीत बसवून ती मला दाराशी घेऊन गेली.

"ताई, नीट बघा आणि सांगा. हे तेच आहेत ना?"

"असं का विचारतेस?"

"मला हाक मारतात ना, ती फार वर्षांनी मारल्यासारखी मारतात."

मी दिवा ओढला. दाढेतली चांदी काळी पडली होती. कडा फुटून भोवती चर गेला होता, सुईचं टोक सहज आत शिरत होतं. माझी खाच झिजून जेमतेम उरली होती, पण फाटा होता. मी नवा एक्स-रे काढून महिन्यापूर्वीच्या एक्स-रेशेजारी धरला. मुळाचा बाक तोच, दाढ तीच. इतकी झीज मी फक्त तीस-तीस वर्षांच्या कामावर पाहिली आहे.

मग उजवीकडे बघितलं. तिथली दाढ गेल्या महिन्यात धडधाकट होती. आता तिच्यातही चांदी होती, जुनी. खाच माझीच, फाटाही माझाच, पण रेघ वेडीवाकडी गेलेली.

"ही कोणी भरली?"

"तूच की. हात थरथरायचा तुझा तेव्हा. मी म्हटलं राहू दे, तर ऐकलं नाहीस."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो स्थिर होता.

भावजय दारातच उभी होती. "तोच आहे," मी तिला सांगितलं. ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

मी डावीकडची चांदी उकरून काढली आणि नवी भरली. निदान ती तरी आजची असावी, एवढंच मला हवं होतं. तीन दिवसांनी ती काळी झाली, कडा पुन्हा फुटल्या. मी परत भरली. पुन्हा तेच. चौथ्या वेळी दाढेच्या भिंती कागदाएवढ्या उरल्या होत्या.

"आता काढावी लागेल रे."

"नको. भर." त्याने खुर्चीचा हात इतका आवळला की नखं पांढरी पडली. "तू भरतेस तेवढा वेळ मी इथे असतो, ताई."

मी भरली. माझ्याने दुसरं काय होणार होतं?

चांदी दाबून झाल्यावर आरसा फिरवला, तेव्हा वरची दाढ दिसली. गेल्या खेपेला ती धडधाकट होती, आता तिच्यात पांढरं सिमेंट होतं.

ते काम माझं नव्हतं.

"हे कुणाकडून करून घेतलंस?"

त्याने माझं मनगट धरलं, आजारी माणसाचं धरतात तसं, अलगद.

"तेव्हा तू होतीस कुठे, ताई?" तो म्हणाला.

मी सुई त्या सिमेंटच्या कडेवरून फिरवली. कुठेच अडकली नाही. चकाकीही अजून गेली नव्हती.

फार तर वर्षभराचं असेल.