डोळ्यांनी घेतलेलं माप

सकाळच्या वेळी ब्रेंता नदीच्या खोऱ्यातून वारा खाली बास्सानो गावाकडे वाहतो, त्यामुळे वर निघालेल्या सायकलवाल्याला तो थेट तोंडावर येतो. मे महिन्यातल्या एका रविवारी नीवेस त्या वाऱ्याशी झगडत चालली होती आणि कुणीतरी तिच्या मागच्या चाकाला चिकटून, तिचा आयता आडोसा घेत मजेत येत होतं. सहा किलोमीटर तिने सोसलं. मग मान वळवली.

"अहो, मुक्कामालाच आलात की काय मागे?"

"आडोसा बरा आहे," मागचा तरुण म्हणाला. "सोडवत नाही…"

"मग जरा पुढे येऊन वारा खा की! रस्ता काही माझ्या बापाचा नाही."

तो हसला, पण पुढे आला नाही. अशा माणसाला त्या भागात चाकचोख्या म्हणतात आणि सायकलवाल्यांत याहून मोठी शिवी नाही. नीवेसने ती त्याला मनसोक्त हासडली. वाल्स्तान्या गावातल्या कॉफीच्या दुकानापर्यंत दोनदा हासडली.

दुकानाबाहेर त्याने आपली सायकल तिच्या सायकलीशेजारी टेकवली आणि तिच्याकडे न बघता सायकलीकडेच बघत बसला. नीवेसला त्याचाही राग आला, कारण दिसायला तो वाईट नव्हता.

"ही मी ओळखतो," तो म्हणाला. "मागच्या दोन नळ्यांच्या सांध्यांची पितळी झाळ माझ्या हातची आहे. मी एल्व्हियो. बोर्तोलो मास्तरांच्या कारखान्यात सायकली बांधतो."

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. तसं ते अख्ख्या बास्सानोला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी तिने ही सायकल होणाऱ्या नवऱ्यासाठी, गास्तोनेसाठी, बांधून घेतली होती. कागदासारख्या पातळ पोलादी नळ्या, नुसता सांगाडा दोन किलोच्या आत. लग्नाला पाच महिने उरलेले असताना गास्तोने दुसऱ्याच मुलीबरोबर तोरिनोला निघून गेला. नीवेसने अंगठी परत केली आणि सायकल परत मागितली. अंगठी त्याने आणली होती, सायकल तिने. हिशेब साफ होता. तेव्हापासून दर रविवारी ती त्याच सायकलीवरून गास्तोनेच्या आईच्या खिडकीखालून मान ताठ ठेवून जायची.

फक्त गास्तोने तिच्यापेक्षा वीतभर उंच होता. सीट अगदी तळाला बसवली तरी पुढचा दांडा लांब तो लांबच. हँडलपर्यंत पोचायला तिला अंग ताणून बसावं लागे.

"बोटं बधिर होतात ना?" एल्व्हियोने विचारलं.

तिने हात टेबलाखाली घेतले. "कुणी सांगितलं?"

"मागून येणाऱ्याला दिसतं. दर दहा मिनिटांनी हात झटकता. तुमचं शिवणाचं दुकान आहे ना पुलाजवळ? दिवसभर लोकांचे कोट अंगाबरोबर करून देता आणि स्वतः परक्याच्या मापात बसता?"

"माप परकं असेल. सायकल माझी आहे."

असं ठसक्यात म्हणाली खरी, पण त्या आठवड्यात तिच्या हातून सुई तीनदा पडली. हिवाळ्यापासून हे वाढतच चाललं होतं. बोटं गेली तर दुकान गेलं. आणि सायकल सोडली तर? लोक म्हणणार, बघा, शेवटी मोडलीच पोर. नीवेसला दोन्ही नको होतं.

पुढच्या रविवारी एल्व्हियो तिच्या वाटेवरच्या कारंज्याजवळ उभा होता. त्याच्या पुढच्या रविवारी नीवेस उभी होती, टायरमध्ये भरपूर हवा असूनही पंप मारत. जूनपर्यंत 'अहो' गळून पडलं. तो आता वाऱ्यात पाळी घ्यायचा, पण अर्धीमुर्धी. थोडं ओढलं की पुन्हा मागे.

"पुढे राहा की जरा!"

"येतो… एक मिनिट…"

"काय बघतोस रे मागून एवढं?"

"काम करतोय."

"चाकचोख्या!"

तिला तो आवडायला लागला होता. हे तिने स्वतःशी कबूल केलं ते एका गुरुवारी, बाहीची शिलाई उसवताना. रविवार अजून तीन दिवसांवर आहे याचा तिला चक्क वैताग आला.

ऑगस्टच्या सुट्ट्यांआधी त्याने तिला कारखान्यात बोलावलं. मधोमध एक नवीकोरी सायकल उभी होती, पिकल्या जर्दाळूच्या रंगाची.

"तुझी," एल्व्हियो म्हणाला.

नीवेसने दोन बोटांवर ती उचलली. टिचकी मारली तर नळी टण्ण वाजली, आणि तिचे डोळे भरून आले. "पण माप कधी घेतलंस?"

"दर रविवारी. मागून. तुझा गुडघा कुठे येतो, कोपर कुठे… जुन्या सायकलीच्या नळ्यांची लांबी मला माहीतच होती. त्यावरून काढलं."

कोपऱ्यात कानस घासत असलेले म्हातारे बोर्तोलो मास्तर मान वर न करता म्हणाले, "मी म्हटलं होतं त्याला, नुसत्या डोळ्यांनी माप फक्त शवपेटीवाला घेतो."

एल्व्हियोने सायकल धरली आणि नीवेस बसली. हात पुढे नेले. आणखी पुढे न्यावे लागले. खांदे ताणले गेले, मनगटावर तोच जुना भार आला. ती शिंपीण होती, तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दांडा दोन बोटं लांब होता.

तिचा चेहरा बघून एल्व्हियो पांढराफटक पडला. "असं कसं… मी तर दर रविवारी…"

"मी गास्तोनेच्या सायकलीवर ताणून बसायचे," नीवेस खाली उतरत म्हणाली. "तू मला तशीच मोजलीस. ताणलेली."

कानस थांबली.

"तीन वर्षं एकाच्या मापात बसले. आता तुझ्या नजरेच्या मापात बसू? विचारायचं तरी, एल्व्हियो!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग 'नाही' ऐकून घ्यायचं होतंस!"

ती निघून गेली. दोन रविवार ती घराबाहेर पडली नाही. खोऱ्यात वारा कसा आहे हे मात्र दोन्ही वेळा खिडकीतून पाहिलं.

तिसऱ्या आठवड्यात दुकानात एक म्हातारी नवऱ्याचा जुना कोट घेऊन आली. "ते काही यायचे नाहीत. यावरूनच नवा शिव बाई."

"यावरून नको," नीवेस सवयीने म्हणाली. "या कोटात ते कसे बसतात तेवढंच कळतं मला. त्यांनाच पाठवा." म्हातारी गेली आणि नीवेस कात्री हातात धरून तशीच उभी राहिली. शिकाऊ असताना तिनेही एका नवरदेवाचा सूट जुन्या कोटावरून शिवला होता. बिचाऱ्याला दोन्ही हात वर करता येईनात. आळसाने नव्हता शिवला, उलट चार दिवस जागून जीव ओतून शिवला होता.

शनिवारी दुपारी ती गास्तोनेची सायकल हाताने ढकलत कारखान्यात आली. तिच्यावर बसून आली नाही.

"मास्तर, ही विका. उंच माणूस बघून द्या."

बोर्तोलो मास्तरांनी मान डोलावली आणि सायकल भिंतीशी नेली. एल्व्हियो आतल्या टेबलापाशी होता. जर्दाळू रंगाचा सांगाडा त्याच्यासमोर पडला होता, सांध्यांजवळचा रंग जळून काळा झालेला. दांडा आणि खालची नळी काढून बाजूला ठेवली होती.

"मोडलीस?"

"सोडवली. तापवलं की सांधे सुटतात. पोलादाचं हे बरं असतं."

"मग नव्या नळ्या?"

"कापल्या नाहीत. माझ्याकडे माप नाही." त्याने हात फडक्याला पुसले. एकदा, दोनदा, उगाचच तिसऱ्यांदा. "नीवेस… माप घेऊ का तुझं? विचारतोय."

आजवर तिने हजार माणसांची मापं घेतली होती. तिचं कुणी घेतलं नव्हतं. तिने बूट काढले आणि पाठ भिंतीला लावून उभी राहिली.

"घे."

"सरळ… आणि श्वास सोड. ताणू नकोस."

तिने श्वास सोडला. खांदे खाली आले. खांद्यापासून मुठीपर्यंत त्याने टेप धरली, वाकून पाहिलं, पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. असं तीनदा झालं.

"किती?"

"थांब… परत घेतो."

"चौथ्यांदा?"

"मला तू आवडतेस," एल्व्हियो टेपकडे बघत म्हणाला. "म्हणून आकडा लक्षात राहत नाहीये."

नीवेसने मान कलती करून टेप वाचली. "एकोणसाठ," ती म्हणाली. "आणि मलाही तू आवडतोस. दोन्ही लिहून ठेव."

"आधी आकडा लिही रे," बाहेरून बोर्तोलो मास्तर ओरडले.