सातधारचा रविवार

"ओ मॅडम, शिट्टी वाजवून राह्यल्या तं वाजवा, पन जरा बाजूले होऊन वाजवा! चाकाखाली आल्या तं माया नोकरीचं कसं?"

मी वर पाहिलं. पुलाच्या तोंडाशी एसटीची लाल बस, तिच्या खिडकीतून बाहेर आलेलं एक ओलं डोकं, आणि त्या डोक्यातले दोन हसरे डोळे... जाऊ द्या. आधी वाहतुकीचं सांगते.

आमचं कुंडखेड म्हणजे दिग्रसच्या पुढचं एवढंसं गाव. एरवी इथे कुत्रंसुद्धा रस्त्याच्या मधोमध निवांत झोपतं. पण श्रावणात सातधारचा धबधबा भरून वाहायला लागला, की दर रविवारी अख्खं यवतमाळ, अर्धी अमरावती आणि जमेल तेवढं नागपूर भजी खायला आमच्या एकुलत्या एका रस्त्यावर येऊन बसतं. मी संगीता राठोड, नगरपंचायतीतली कंत्राटी इंजिनीअर. पगार बेताचा, तोंड फटकळ. त्या रविवारी कुणीतरी पुलाच्या वळणावर पांढरी गाडी लावून, कुलूप घालून, फोटो काढायला निघून गेलं होतं. दोन्हीकडून गाव बंद. वरून पाऊस. आणि मधे मी, शिट्टी घेऊन.

"बाजूले कुठी होऊ?" मी ओरडले. "बाजू ठेवली काय कोनं? आन् आधी तो हॉर्न बंद करा!"

"म्या नाही दिला हॉर्न. ते मागचे देऊन राह्यले. मी तं गुपचाप बसून केव्हाचा तुमाले पाहून राह्यलो..." तो अडखळला. "म्हंजे... तुमची शिट्टी."

मला हसू आलं. रागाच्या वेळी हसू येणं हे काही चांगलं लक्षण नव्हे, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तो खाली उतरला. बसमधले धडधाकट गडी गोळा केले, आणि "हय्या!" म्हणत सगळ्यांनी त्या पांढऱ्या गाडीचं मागचं अंग उचलून उचलून कडेला सरकवलं. शेवटच्या धक्क्याला त्याचा पाय चिखलात घसरला आणि त्याच्या तोंडून निघालं, "याडी गं!"

माझे कान टवकारले. याडी म्हणजे आई. ही आमची गोरबोली, आम्हा बंजाऱ्यांच्या घरातली. म्हणजे हा आपल्यातला! छातीत असं काही धडधडलं की विचारू नका. घरी माझ्या लग्नाचं चाललंच होतं. याडीने दाखवलेल्या एकेका मुलाला मी नाक मुरडत होते. आणि इथे, भर पावसात, चिखलाने माखलेला एक माणूस माझ्याकडे बघून हसत होता आणि मला तो आवडला होता. सरळच सांगते, आवडला.

"मोकळा झाला बा तुमचा रस्ता," तो म्हणाला. "आता तरी हसा."

मी हसले. तो बसकडे वळला... आणि माझं हसू तिथेच विरलं. त्याच्या रेनकोटच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: राठोड. डेपोत रेनकोटांची अदलाबदल होऊ नये म्हणून ड्रायव्हर लोक असं आडनाव रंगवून ठेवतात, हे मला ठाऊक होतं.

आमच्यात राठोड हा राठोडाचा भाऊ. शंभर कोसांवरचा असो, जन्मात कधी न पाहिलेला असो... भाऊच. त्यात चर्चा नाही की अपील नाही.

"थँक्यू हां, भाऊ!" मी मागून जोरात ओरडले. स्वतःलाच ऐकू जावं म्हणून बहुतेक.

निरोपाला वर गेलेला त्याचा हात अर्ध्यातूनच खाली आला.

सोमवारी मी मुख्याधिकारी साहेबांच्या डोक्यावरच बसले. माझी योजना साधी होती. रविवारी बाहेरची एकही गाडी गावात घ्यायची नाही. गावाबाहेर आमच्या तांड्याच्या माळावर सगळ्या गाड्या लावायच्या, आणि तिथून धबधब्यापर्यंत एसटीच्या फेऱ्या. पुलावर कुणीही, कशासाठीही थांबायचं नाही. तांड्याचे नायक म्हणजे माझेच बापू, लालसिंग राठोड. ते ऐकून म्हणाले होते, "आपल्या वाडवडिलांनी हजार बैलांचे मुक्काम ठोकले बेटा, हे तं मोटारी हायेत. फक्त एक ध्यानात ठेव. बैल उभा करतानाच त्याचं तोंड उद्याच्या वाटेकडे करायचं." म्हणून मी माळावर चुन्याच्या ओळी अशा आखल्या की प्रत्येक गाडीचं तोंड बाहेर.

"एक रविवार देतो," साहेब म्हणाले. "जमलं तं सीझनभर चालवू. पुलावर एकदा जरी गाडी अडकली, तं पुन्हा या योजनेचं नाव काढायचं नाही."

दिग्रसहून फेऱ्यांच्या पहिल्या बसवर ड्रायव्हर आला, तो कोण असणार? तोच. नाव अमर. रेनकोटही तोच.

शनिवारी रिकाम्या बसमधून आम्ही मार्ग पाहायला निघालो. मी पुढच्या सीटवर, तो स्टिअरिंगवर. काचेवर पावसाची रिपरिप, खिडकीतून ओल्या तुरीचा वास, आणि मी एकसारखी खड्डेच बघत असल्याचं नाटक करत होते.

"इतकं काय पाहून राह्यल्या खड्ड्यात?" त्याने आरशातून विचारलं. "पडलं काय काही?"

"बुजवायचे हायेत."

"काही खड्डे बुजवू नये मॅडम. खड्ड्यापाशी गाडी हळू होते. मंग मानसं बोलतात तरी..."

"तुमी गाडीकडे लक्ष द्या, भाऊ."

त्याने गिअर बदलला. थोड्या वेळाने पुन्हा, हळूच, "चहा?"

"नको, भाऊ."

"डब्यात चिवडा हाय. माया याडीनं केला."

"तीज चालू हाय ना... आळणी खाते मी. मीठ चालत नाही, भाऊ."

आमच्या तांड्यात तीज बसली होती. आम्ही कुमारिका टोपल्यांत गहू पेरून त्यांना रोज पाणी घालतो, गाणी म्हणतो आणि बिनमिठाचं जेवतो. त्याने मान डोलावली, पण त्या तिसऱ्या 'भाऊ'नंतर त्याने आरशात पाहिलंच नाही. आणि मला काय होत होतं? रडू येत होतं. एका वाक्याला एक भाऊ असं मी स्वतःला कुंपण घालत होते, आणि कुंपणाच्या आत मीच कोंडले जात होते.

आता तुम्ही विचाराल, काहून नाही विचारलं त्याला त्याचं कूळ? अहो, आमच्यात अनोळखी दोन माणसं भेटली की राम राम झाल्याबरोबर पाडा विचारतात. पाडा म्हणजे कूळ. पण ते मोठ्यांनी विचारायचं. तरण्या पोरीने तरण्या पोराला पाडा विचारला, तर त्याचा अर्थ एकच होतो... आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या तांड्यात लाडू वाटायची भाषा सुरू होते. शिवाय पाठीवर एवढं मोठं लिहिलेलं असताना विचारायचं तरी काय?

रविवार उजाडला. आणि काय सांगू, काय दिवस होता तो! गाड्या आल्या, माळावर वळल्या, चुन्याच्या ओळींत शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. तांड्यातल्या बाया आरसे लावलेले कशिद्याचे बटवे घेऊन बसल्या आणि पर्यटकांनी तिथेच गर्दी केली. एकामागून एक लाल बस आली, भरली, गेली, पुन्हा आली. गावातले दुकानदार सकाळी माझ्या नावाने बोटं मोडत होते. दुपारी तेच भजी तळता तळता हात हलवत होते, कारण मोकळ्या रस्त्यावर माणसं पायी फिरत होती आणि पायी फिरणारा माणूस खरेदी करतो. मी पुलावरून माळावर, माळावरून पुलावर नुसती उडत होते. प्रत्येक फेरीला अमर माझ्यासमोरून जाई. हॉर्न नाही, हात नाही. फक्त एक नजर... आणि तीही लगेच रस्त्यावर.

उन्हं कलायला लागली तशी मी माळावर बापूंपाशी येऊन टेकले. आता फक्त परतीची गर्दी सांभाळायची होती.

"तुया तो ड्रायव्हर भला पोरगा हाय," बापू म्हणाले. "आत्ता चहा पाजला त्याले. पाडा विचारला, पवार म्हने."

"कोन पवार?"

"तोच. अमरसिंग पवार. आरंभी गावचा, दारव्ह्याकडचा."

"पन... बापू, त्याच्या रेनकोटावर तं..."

"म्या बी तेच म्हटलं. तं म्हने, त्याचा फाटला, सुट्टीवर गेलेल्या दोस्ताचा घालून राह्यला." बापूंनी मिशीला पीळ दिला. "पाठीवरचं वाचून पाडा कळत नसतो बेटा. तोंडानं इचारा लागते."

माझ्या कानांत तांड्यातला तिजेचा ढोल वाजत होता, की माझं काळीजच, मला कळेना. पवार! राठोडाच्या घरी पवाराची मुलगी सून म्हणून येते, राठोडाची मुलगी पवाराघरी जाते... याहून सरळ रस्ता जगात नव्हता!

"एक वाईट झालं," बापू पुढे म्हणाले. "पुढच्या रविवारी तो येनार नाही. डेपोत सांगून ड्युटी बदलून घेतली म्हने. काहून, इचारलं तं हसला नुसता. हेच शेवटचं, आता धबधब्यावरून दारव्ह्याची मानसं घेऊन परस्पर जाईन म्हने."

पुढचं मी ऐकलंच नाही. चप्पल चिखलात रुतली, तिथेच सोडली. चुन्याच्या ओळी तुडवत, गाड्यांच्या मधून, बांध ओलांडून मी पुलाकडे धावत सुटले. समोरून लाल बस येतच होती, खच्चून भरलेली, आणि तिच्यामागे परतीच्या फेऱ्यांच्या बाकी बसची रांग.

मी पुलाच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात आडवे केले.

बस करकचून थांबली. अमरने डोकं बाहेर काढलं. "मॅडम! इथं थांबनं मना हाय! तुमीच..."

"तुमी पवार हाय म्हून सांगितलं काहून नाही?"

"इचारलं कोनं?"

"मले राठोड वाटले तुमी! तो रेनकोट..."

तो बघतच राहिला. "म्हून... म्हून भाऊ म्हनून राह्यल्या होत्या काय? मले वाटलं तुमाले मी पसंत नाही. आपल्यातली पोरगी इतक्यांदा भाऊ म्हनते, तं मानसानं काय समजावं?"

मागे हॉर्न सुरू झाले. पहिल्या सीटवर दारव्ह्याकडच्या बोरी अरब गावच्या, माझ्या ओळखीच्या शकुबाई बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "काय झालं वं? पूल खचला काय?"

"नाही मावशी!" मी म्हणाले. आणि मग श्वास घेतला. अख्खी बस ऐकत होती, मागची रांग कोकलत होती, खिशातला फोन थरथरत होता आणि तो मुख्याधिकारी साहेबांचाच असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पुलावर एकदा जरी गाडी अडकली तर... अडकली होती. मीच अडकवली होती. "अमर, तुमी मले आवडता. पयल्या दिवसापासून. आता ड्युटी बदला, नाही तं नका बदलू, पन हे ऐकून जा."

अख्ख्या बसने माना अमरकडे वळवल्या.

अमरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "संगीता..." तो म्हणाला. पहिल्यांदाच मॅडम नाही. "मले... मी..."

"अरे हो म्हन ना बावा लवकर!" शकुबाई कडाडल्या. "मले अंधाराच्या आत घरी जा लागते!"

"हो!" तो ओरडला. "हो, हो! आता चढ तं खरी, नाही तं तुयी योजनाच बुडते!"

मी पायरीवर उडी मारली. बस हलली, मागची रांग हलली, पूल मोकळा झाला. मी फोन कानाला लावला. "राठोड मॅडम, पुलावर बस काहून थांबली होती?" साहेब विचारत होते.

"म्या थांबवली, साहेब. काम होतं."

"असं कोनतं काम?"

आरशात अमर माझ्याकडे बघत होता, आणि या वेळी त्याने नजर काढून घेतली नाही.

"लग्नाचं," मी म्हणाले.