घरी या एकदा

तुम्ही हसाल, पण त्या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

कॅनडात ऑटवाच्या कनाटा उपनगराजवळ एका खासगी फिल्म-संग्रहात मी जुने मूकपट तपासते. डबा उघडायचा, रीळ हाताने हळूहळू फिरवायचं, तुटलेलं जोडायचं. त्या काळची फिल्म खराब झाली की आंबूस वास सुटतो, आणि कधीकधी ती आपोआप पेट घेते. नोव्हेंबरात माझ्याकडे सोलांज व्हेर्नीचे पाच डबे आले. पॅरिसची मोठी नटी. सव्वीस मूकपट केले, पण बोलपट आले आणि तिचा घोगरा आवाज कोणाला रुचेना. बिचारी ऑटवाला आली, दुकानात टोप्या शिवत राहिली आणि तशीच गेली. तिचं म्हणून जगात एवढंच उरलं होतं.

चौथ्या डब्यात ती कॅमेऱ्यापासून लांब, आरशासमोर बसून काहीतरी बोलत होती. तो अकरा सेकंदांचा तुकडा मी फोनवर घेतला, आईसाठी. आई लहानपणीच्या तापात बहिरी झाली, ती ओठ वाचते. नागपूरहून व्हिजिटर व्हिसावर आली होती आणि घरात बसून कंटाळली होती.

संध्याकाळी चहा घेताना तिने तो पाहिला. पुन्हा पाहिला. कप खाली ठेवला.

“ऊर्मी… ही मराठी बोलतेय.”

“आई, ती फ्रेंच आहे गं. जाऊन सत्तर वर्षं झाली.”

“‘पाचवा डबा उघडू नकोस, ऊर्मी. बाहेर जा.’ असं म्हणतेय.”

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी पाचव्या डब्याच्या झाकणाला हात लावला आणि आईचा चेहरा आठवला. वास येत होता, पण तो रोजचाच. कॉफी आणू या, असं स्वतःलाच सांगून मी पार्किंग लॉटमध्ये आले. मागे भक्कन आवाज झाला. वळून पाहते तो माझ्या खोलीच्या खिडकीत पिवळाजर्द जाळ. फायर ट्रक येईपर्यंत पाचही डबे गेले होते. मी बर्फात उभी राहून रडले, जीव वाचला म्हणून.

घरी आईने मला पोटाशी धरलं. देवापाशी दिवा लावला, शेजारी फोन उभा केला. मी हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाले, “बाई, तुमच्यामुळे वाचले. एकदा घरी या जेवायला.” आपण म्हणतोच की असं. कोण कुठे येतं?

काल आईने तीच क्लिप लावली आणि मला हाताने बोलावलं. ती आता एकोणीस सेकंदांची झाली आहे. बाई आरशासमोरून उठते, टोपी घालते आणि सरळ कॅमेऱ्याकडे चालत येते.

“आई… काय म्हणतेय?”

आईने क्लिप मागे नेऊन पुन्हा पाहिली.

“‘थांब… आलेच.’”

आज मी वरणभात, भाजी, शिरा केलाय. तीन पानं मांडलीत. जिने जीव वाचवला, तिला नाही कसं म्हणणार? फक्त मघापासून दाराच्या फटीतून तो आंबूस वास यायला लागलाय.