मोरपिसाचा निम्फ

“मोरपीस घेताना विचारून घे हो, आपोआप गळलेलंच आहे ना!”

आईचं हे बजावणं कानात होतं, म्हणून तर अश्लेषाने मासेमारीच्या सामानाच्या त्या दुकानात दुकानदार चिनी अंकलना तसं विचारलं. अगदी हळू आवाजात. बाळकृष्णाच्या मुकुटासाठी लिटिल इंडियाच्या बाजारात एकही धड पीस मिळालं नव्हतं. इथे मिळेल असं कुणीसं सांगितलेलं.

“फेदर इज फेदर, ला!” अंकल वैतागले.

“गळलेलंच आहे,” मागून चक्क मराठी! “मोर दरवर्षी पिसारा टाकतो. पण... हे शेवटचं पाकीट आहे, आणि मला ट्राउट पकडायचेत.”

तिने वळून पाहिलं. उंच, चष्मेवाला, डोळ्यांनीच हसणारा.

“मोरपिसाने मासे?”

“अर्धं देवाला, अर्धं माशाला. चालेल?”

चाललं! तो प्रबोध, बँकेत आयटीत. ती नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. पाकीट वाटून घ्यायला म्हणून दोघं हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांपाशी बसली, ती पुढचे पाच रविवार दुपारी बसतच राहिली.

तो दहा दिवस न्यूझीलंडच्या नद्यांवर जाणार होता आणि डबीत मावणार होते बाराच निम्फ. निम्फ म्हणजे पाण्यातल्या किड्याचं पंख न फुटलेलं पिल्लू. माशाला फसवायला दोरे नि पिसं गुंडाळून गळावर त्याची नक्कल करायची.

“संथ, नितळ पाण्याला हा बारीक तपकिरी. जोरदार धारेला हा सोनेरी मण्याचा, जड आहे, थेट तळाशी जातो. आणि पाणी गढूळ असलं की मोरपिसाचा, चमकतो! पण मेला तुटतो सारखा.”

“द्या इकडे.”

रोज वाती वळणारी बोटं ती. तिने पिसाचे तंतू दोऱ्याबरोबर पीळ देऊन गळावर गुंडाळले. ओढलं तरी तुटेनात.

“अगं, कमाल... म्हणजे, अहो —”

“अगंच बरंय,” ती पुटपुटली. कान गरम झाले. “पण... मासा मरतो?”

“सोडून देतो. गळाचं उलटं टोक आधीच दाबून टाकायचं, म्हणजे मासा अलगद सुटतो.”

“मग दाब. सगळ्यांचं. माझ्यासमोर.”

त्याने मुकाट्याने पक्कड काढली. “आणखी काही आज्ञा?”

“मोरपिसाचे चार ने.”

“तीन.”

“चार! मी वळलेत.”

जायच्या दिवशी सकाळी सातला तो तिच्या इमारतीखाली हजर; मेसेज पाहून ती खाली आली. पाठीवर सॅक, टॅक्सी उभी.

“अश्लेषा, पाच रविवार घोकतोय... लग्न करशील माझ्याशी?”

तिच्या छातीत ढोल वाजू लागले, पण ओठ मिटलेलेच. चातुर्मासात नैवेद्य दाखवेपर्यंत ती मौन पाळायची. हे त्याला सांगायचंच राहिलं होतं!

तो थांबला. वाट पाहिली.

“बरं... ठीक आहे.” त्याने टॅक्सीचं दार उघडलं.

तिने धावत जाऊन सॅकचा पट्टाच धरला. ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले, वर घराकडे दाखवलं.

“पूजा?... मौन आहे?” त्याचा चेहरा एकदम उजळला. “बाई गं, जीव गेला असता माझा! ऐक, साडेनऊपर्यंत चांगी विमानतळावर बाहेरच थांबतो. जे असेल ते तोंडाने सांग. येशील? वचन?”

तिने त्याच्या तळहातावर हात ठेवला.

वर येऊन तिने पूजेत एक फूलसुद्धा कमी केलं नाही. नैवेद्य दाखवला. मौन सुटलं, तरी ती बोलली नाही. लिफ्टमध्ये शेजारच्या आँटींनी विचारलं, “सो अर्ली! गो व्हेअर?” अश्लेषा नुसती हसली. दिवसाचा पहिला शब्द जिभेवर जपत ती झपझप एमआरटी स्टेशनकडे निघाली.