दोन्हीकडून झिजलेला पांगुळगाडा

जुन्या लाकडावरून बोट फिरवलं, की ती वस्तू कोणी वापरली, कशी वापरली, हे पारखी सांगून टाकत, आणि सहसा चुकत नसत. चाळीस वर्षं त्यांनी देशोदेशींची लोककला गोळा केली होती. मेंढपाळांनी कोरलेले चमचे, बेटावरच्या बायकांनी रंगवलेल्या पेट्या, लाकडी पक्षी यांनी माडीवरच्या दोन खोल्या गच्च भरल्या होत्या. सगळे त्यांना पारखीच म्हणत; खरं नाव टपालवाल्यालाच काय ते ठाऊक.

त्या सकाळी ते एका जहाजी सुताराच्या विधवेकडे गेले. बाई घर आवरून बहिणीकडे राहायला चालल्या होत्या. नवऱ्याने फार पूर्वी परमुलखातून आणलेला एक पांगुळगाडा त्यांना कुणालातरी देऊन टाकायचा होता.

तीन चाकं, निळ्या रंगाचे उडालेले पोपडे, कडेने कोरलेली पानं. पारखी खूश झाले. दांडीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि जरा थबकले. मूल मागून धरतं तिथे लाकूड झिजलेलं होतं, ते ठीकच. पण समोरच्या बाजूनेही बोटांएवढ्या खाचा पडल्या होत्या. तितक्याच चिमुकल्या.

"जुळी असणार," ते ठामपणे म्हणाले. "एक ढकलायचं, दुसरं समोरून ओढायचं."

बाई हसल्या नाहीत. "आमची मुलगी सात महिन्यांची होती. एका दुपारी याला धरून उभी राहिली आणि चालायलाच लागली. मी आत भांडी घासत होते. चाकांचा आवाज येत होता... मग थांबला."

"आणि?"

"गाडा विहिरीच्या काठाशी उभा होता. नुसता गाडा..."

पारख्यांना वाईट वाटलं. दुःख कुठेतरी टेकवायला माणसाला एखादी वस्तू लागते, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"तुमच्या घरात लहान मूल नाही ना?" बाईंनी विचारलं.

"नाही हो, मी एकटाच." शनिवारी मुलगी दहा महिन्यांच्या नातवाला घेऊन येणार होती, हे त्यांनी सांगितलं नाही. आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलंही नाही. आज तरी घरात मूल नव्हतं.

शनिवारी दोघं आली. नातू गुटगुटीत आणि आळशी. बसवलं तिथे बसून राहायचा, रांगायचंही नाव नाही. आजोबांनी त्याचं नाव ठेवलं होतं ठोंब्या. पांगुळगाडा कामाच्या खोलीत कोपऱ्यात होता. दुपारी मुलगी खाली न्हायला गेली. "बाबा, लक्ष ठेवा हं त्याच्याकडे."

"हा कुठे जातोय!" असं म्हणत पारख्यांनी ठोंब्याला चटईवर बसवलं आणि मेजाशी बसून ते टिपण लिहू लागले.

बाहेर लख्ख ऊन होतं. खोलीत जुन्या लाकडाचा, मेणाचा ओळखीचा वास होता. त्यात हळूहळू दुसराच वास मिसळला. ओला, शेवाळलेला. पारख्यांनी लिहिता लिहिता नाक पुसलं.

कुईं... कुईं...

त्यांनी मान वळवली. चटई रिकामी होती.

दाराबाहेरच्या सज्जात ठोंब्या चालत होता. आयुष्यात कधी उभं न राहिलेलं पोर दांडी धरून तुरुतुरु पावलं टाकत होतं आणि समोर बघून खुदूखुदू हसत होतं. त्याच्या समोर कोणीच नव्हतं. होता तो फक्त जिना.

"ठोंब्या... अरे थांब..."

ते धावले. पुढचं चाक पायरीवरून अधांतरी गेलं तेव्हा त्यांनी नातवाला कमरेतून उचललं. त्याच्या मुठी दांडीवरून सुटेनात. पारख्यांनी जोर लावला, तसा पलीकडूनही जोर लागला. चिमुकला, पण हट्टी. दाताने ओठ चावून त्यांनी एकेक बोट सोडवलं.

गाडा सुटला. गडगडत खाली आपटायला हवा होता. तो एकेक पायरी उतरत गेला, सरळ, सावकाश, आणि खाली जाऊन उभा राहिला.

त्या संध्याकाळी पारख्यांनी अंगणात कुऱ्हाडीने त्याच्या ढलप्या केल्या आणि स्वतः उभं राहून जाळल्या. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी जुनी वस्तू मोडली होती.

"बाबा, इतकी सुंदर वस्तू!" मुलगी म्हणाली.

"वाळवी लागली होती," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता नेहमीसारखा खणखणीत होता. प्रकरण संपलं, याची त्यांना खात्री होती.

पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. "बाबा, ठोंब्या चालायला लागला! कशाचा आधार लागत नाही."

"वा! पडतबिडत नाही ना?"

"अहो, तेच तर गमतीचं आहे. एक हात सतत पुढे करून चालतो, मूठ अर्धी मिटलेली. आणि तोल गेला ना, तरी पुरता पडत नाही... गुडघे जमिनीला टेकायच्या आत त्या हाताने लोंबकळल्यासारखा राहतो. क्षणभरच. मग कोणी उभं केल्यासारखा पुन्हा उभा."