मुळासकट कुर्डू

"शी! प्रांजल, उकिरड्यात हात घालतीस व्हय?" नाक दाबून तिचा मामेभाऊ जयराज ओरडला.

"ओरडू नकोस! इकडे ये आणि बघ काय सापडलंय!"

सांगलीच्या विश्रामबागेतली प्रांजल घरी कचऱ्याचा डबासुद्धा दोन बोटांनी उचलायची. पण गणपतीच्या सुट्टीत फलटणजवळच्या मामाच्या गावी येऊन ती चक्क उकिरड्यावर बसली होती! कारणही तसंच होतं. सोमवारी तिच्या आजोबांनी, म्हणजे नाथाजी सुभेदारांनी, सगळ्यांच्या आधी जेवायला बसून कुर्डूची भाजी चापून खाल्ली आणि तासाभरात उलट्यांनी ते बेजार झाले. फौजेत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस, पण दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावून पडावं लागलं!

कुर्डू म्हणजे पावसाळ्यात बांधाबांधावर उगवणारी साधी रानभाजी. ती गावाला पुरवायची रंगुबाई. झालं! "म्हातारीला दिसत न्हाई, कायबी पाला आणती," असं उदयसिंहमामांनी घरोघर सांगितलं आणि घरोघरची दारं तिला बंद झाली. आज गुरुवार. संध्याकाळी गौरी येणार. त्यांच्या नैवेद्याची भाजी गावात दरवर्षी रंगुबाईच्याच टोपलीतून यायची. यंदा तिला एकानेही हाक मारली नव्हती.

"आज्जी बोचकं बांधून बसलीया," रंगुबाईची नात सोनम मुसमुसत म्हणाली. "उद्या म्हसवडला भावाकडं निघालीया. म्हणती, ज्या गावाचा इस्वास उडाला तितं ऱ्हायचं न्हाई."

प्रांजलच्या मुठीत सोमवारच्या कुर्डूची सुकलेली मुळं होती, मातीसकट.

"सोनम, तुझी आज्जी भाजी उपटते का गं?"

"कवाच न्हाई! नखानं नुसता शेंडा खुडती. मूळ ठिवलं की आठ दिसांत परत फुटतंय म्हणती. मी एकदा उपटली तर पाठीत धपाटा घातला हुता!"

"मग ही मुळं कुठून आली?"

ती भाजी रंगुबाईची नव्हतीच!

मामी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होत्या. "दिग्विजयला धाडलं हुतं की रंगुबाईकडं," त्या म्हणाल्या. "जुडी मुळासकट हुती खरी. मला वाटलं, म्हातारी थकली आता."

दिग्विजय म्हणजे जयराजचा थोरला भाऊ. कॉलेजला जातो म्हणून घरातल्या कामाला जात नाही! तो पायरीवर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता.

"दादा, सोमवारी रंगुआज्जीकडे गेला होतास ना? तिच्या दाराचा रंग कुठला रे?" प्रांजलने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अं? निळा."

"आमी गणपतीच्या आदी पिवळा दिलाय!" सोनम फणकारली.

दिग्विजय "डोकं खाऊ नका" म्हणत उठून गेला. पण त्याचे कान लाल झाले होते.

मुलं धावत उसाच्या बांधावर गेली. बांधावरचं सगळं गवत पिवळं पडून माना टाकून बसलं होतं, आणि मधेच झाडं उपटल्याचे खड्डे! पाटाच्या कडेला जयराजला रिकामी बाटली सापडली. त्याने बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "तणनाशक! अगं, हे तर आमच्या गोठ्यात हुतं!"

परतताना वाटेत मामा भेटले. "मामा, बांधावर तुम्ही फवारलंय का?" प्रांजलने विचारलंच.

"तुला काय करायचंय गं? सुट्टीला आलीयास, झोके घे!" म्हणत त्यांनी गाडीला किक मारली.

प्रांजल गाडीकडे बघत राहिली. आपले लाडके मामा लपवालपवी करताहेत? स्वतःचं पाप म्हातारीच्या माथी मारताहेत? की त्यांना दिग्विजयदादाचं ठाऊकच नाही, आणि दादाला फवारणीचं?

"आपण बोललो तर पोरं म्हणून उडवून लावतील," ती म्हणाली. "त्यांच्याच तोंडून निघालं पाहिजे. सोनम, आपल्याला कुर्डू हवी!"

रंगुबाईने आधी हातच जोडले. "नगं गं बाय, पुन्यांदा बोल लागायचा." पण सोनमने बोचक्याची गाठ सोडून टाकली आणि म्हातारी उठली. वरच्या माळावर जाऊन तिने कोवळे शेंडे खुडून दिले, वर चुलीजवळ बसून धडाही दिला. "लसूण लाल हुंद्या. मूगडाळ भिजिवलेलीच घाल. झाकण ठिवू नगंस, न्हाईतर भाजीचा रंग जातोय."

दुपारी सगळे जेवायला बसले. प्रांजलने सगळ्यांच्या ताटात भाजी वाढली.

"कुठली गं भाजी?" आजोबांनी विचारलं.

"कुर्डू! आपल्या उसाच्या बांधावरची!"

"थांबा!" मामा ताडकन उभे राहिले. पाण्याचा तांब्या लवंडला. "आबा, हात मागं घ्या! कुणी खाऊ नगा! तितं मी सोमवारी सकाळीच तणनाशक मारलंय!"

दिग्विजयच्या हातातला घास खाली पडला. "सोमवारी? पप्पा, मी सोमवारी तितलीच भाजी उपटून आणली हुती... रंगुबाईचं घर लांब पडतंय म्हणून."

मामा मटकन खाली बसले.

"आणि चार दिवस तोंडाला कुलूप लावून बसलास!" आजोबा दिग्विजयवर गरजले आणि मामांकडे वळले. "तू औषध मारून कुणाला सांगितलं न्हाईस, ह्यो आळशी निघाला, आणि गुन्हेगार कोण? रंगुबाई! तिला कुणी इचारलं तरी का?"

"आजोबा, मी आत्ता खोटं बोलले," प्रांजल हळूच म्हणाली. "ही भाजी बांधावरची नाही. रंगुआज्जीने माळावर खुडलेली आहे."

आजोबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, भाजीचा मोठा घास घेतला आणि मिशीतून हसले. "झकास! अशी तीन पोरं माझ्या पलटणीत असती, तर मी निवांत झोपलो असतो!"

संध्याकाळी गावाने नवलच पाहिलं. पुढे रंगुबाई, मागे डोक्यावर भाजीची टोपली घेतलेले उदयसिंहमामा! ज्या ज्या दारात त्यांनी तिची बदनामी केली होती, त्या त्या दारात ते थांबत होते. "भाजी चांगली हाय. चूक माजी हुती," असं प्रत्येक घरी स्वतःच्या तोंडाने सांगत होते. शेवटच्या घरापाशी टोपली रिकामी झाली.

मान खाली घालून दिग्विजय मागे उभा होता. रंगुबाईने त्याचे हात धरून नीट न्याहाळले.

"उद्या झुंजूमुंजू व्हायच्या आत माळावर ये," ती म्हणाली. "खुडायला शिकिवते. आन् नखं कापू नगंस!"